कंदुरीचं फडकं

आमच्या भागात पिराला बोललेला बकरा कापून जे मसाल्याचं मटण शिजवतात, त्याला कंदुरी म्हणतात. लहानपणापासून मी ते खात आलो, पण हे नाव कुठून आलं असेल असं कधी मनातही आलं नाही. ते कळलं तेव्हा मी नुकताच बी.ए. होऊन गावी परतलो होतो.

मी पुण्याला कॉलेजात गेलो, तेव्हा आईनं शिवारातल्या पिराला नवस केला होता. पोरगं शिकून सुखरूप आलं की कंदुरी करायची आणि तोवर आपण मटणाला शिवायचं नाही. चार वर्षं तिनं हे पाळलं. घरात मटण शिजलं की सगळ्यांना वाढायची आणि स्वतः ठेचा-भाकरी खायची. जेऊर स्टेशनावरून बैलगाडीनं मी घरी पोचलो, तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या हातात देतादेताच सांगितलं, "येत्या गुरुवारी कंदुरी."

गुरुवारी सकाळी तिनं येसूर, काळं तिखट, भाजलेलं खोबरं असं सगळं बांधून घेतलं. त्या बोचक्यात मांजरपाटाचं एक जुनं फडकं होतं. हळदीनं आणि चरबीनं पिवळं पडलेलं, कडा विरलेल्या. सगळा गाव जेवायला येणार, त्यांच्यासमोर ही चिंधी कशाला, असं मला वाटलं. पत्रावळी होत्याच. कोणी बघत नाही असं पाहून मी ते काढलं आणि कणगीमागं टाकलं.

पिरापाशी मुलाणीचाचांनी बकरा हलाल केला. बाप्या माणसांनी चुली मांडल्या. निवद दाखवायच्या आधी कोणी चव घ्यायची नसते, म्हणून मीठ अंदाजानं पडलं. रश्शाला तर्री सुटली तसा शेजारचा एक जण म्हणाला, "बीएसाहेब, पुण्याच्या जिभंला सोसंल का ह्ये?"

"न्हाय सोसलं तर पानी हाय की," मी म्हणालो. सगळे हसले.

मग चाचा आईला म्हणाले, "वहिनी, फडकं काढा. निवद मांडू."

आईनं बोचकं दोनदा उलटंपालटं केलं. तिचा चेहरा उतरला. मला गप्प राहवेना. "म्याच घरी ठिवलं. लई फाटलं हुतं," मी सांगितलं.

चाचा रागावले नाहीत. म्हणाले, "बाबा, कंदुरी म्हंजी त्ये फडकंच. समद्यांनी एकाच कापडाभवती बसून खायाचं, म्हनून मटनाला त्येचं नाव पडलं. माझा आजा सांगायचा. त्येच्याबिगर निवद कसा मांडू?"

पुढं खूप वर्षांनी मी एका फारसी शब्दकोशात पाहिलं. जेवणासाठी अंथरायचं कापड, असाच अर्थ तिथं होता.

घर दोन कोस लांब आणि दिवस कललेला. आई पदर तोंडाशी धरून बसून राहिली. चार वर्षांचा तिचा नवस माझ्या लाजेपायी अडला होता.

वडील उठले. माझ्या पदवीसाठी म्हणून त्यांनी सोलापुरातून कोरा फेटा आणला होता आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा बांधला होता. तोच फेटा ते उलगडू लागले. आमच्याकडं माणूस चारचौघांत बोडक्या डोक्यानं दिसतो तो घरात मयत झाल्यावरच.

"आबा, ऱ्हाऊ द्या. म्या घरी जाऊन आनतो," मी म्हणालो.

"बस खाली," ते म्हणाले आणि चाचांकडं वळले. "ह्यो चालंल का?"

"कोरा हाय. चालतंय की."

फेटा जमिनीवर अंथरला. दुपदरी केला तरी तो दहा माणसांना पुरला. त्यावर मलिदा, रोट्या, मटणाचं पातेलं ठेवलं. चाचांनी फातिहा दिली. डाग पडायचे ते पडले. तो फेटा वडिलांनी पुन्हा डोक्याला बांधला नाही. पुढच्या सगळ्या कंदुऱ्या त्याच्यावरच झाल्या.

पहिला घास आईला दिला. तिनं तो सावकाश चावला. सगळे तिच्याकडं बघत होते.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली आणि माझ्यासाठी शेजारी जागा केली.