पाळण्याच्या लाकडाची पेटी

आमचे मुकाशभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, नारिन या डोंगराळ गावात पाळणे करायचे. अर्चाच्या लाकडाचे. डोंगरातलं ते वासाचं लाकूड आमच्याकडे पवित्र. कुणी आजारी पडलं, नजर लागली, की त्याच्याच फांदीची धुरी. अर्ध्या गावाची पोरं भाऊजींच्या पाळण्यात मुतली आणि मोठी झाली. त्यांचा स्वतःचा मुलगा अक्तानही.

भाऊजींची बायको आधीच गेली होती. अक्तान रशियात इमारतींच्या कामावर गेला, ऑक्टोबरात परांचीवरून पडला, आणि घरी आली ती त्याची माती. मागे राहिली त्यानं हौसेनं पाळलेली पाल. पिवळी, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची. तिचं नाव कापलान, म्हणजे बिबट्या. नाव बघा आणि जीव बघा! मला तर किळसच यायची.

"भाऊजी, लोक कुत्री पाळतात. तुम्ही पाल पाळा," मी म्हणायचे.

"तुमच्यापेक्षा कमी बोलते, वहिनी."

पण तिला किडे भरवताना त्यांचा चेहरा मी बघितला होता. अक्तानच्या हातावर खेळलेला तेवढा एकच जीव घरात उरला होता. तो जगावा, एवढंच त्यांना हवं होतं.

अक्ताननं तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. वर जाळी, तळाला फरशीचा तुकडा, एका टोकाखाली विजेवर तापणारी चटई. जानेवारीत वीज सारखी जायला लागली. काच गारठायची आणि पाल मेल्यासारखी पडून राहायची. काचेत ऊब धरत नाही, लाकडात धरते, असं म्हणून भाऊजींनी माळ्यावरून अक्तानचा पाळणा खाली काढला आणि तो सुटा करायला बसले.

"अहो, पाळणा मोडतं का कुणी? अक्कल गहाण टाकलीत का?"

"झोपायला कोण उरलंय त्यात, वहिनी?"

मी सुटे झालेले दांडे त्यांच्या हाताशी ठेवले.

पेटी मात्र देखणी केली. फट म्हणून नाही. घट्ट झाकण, तळाला अर्चाचाच भुसा, चुलीत तापवलेली वीट नमद्यात, म्हणजे लोकरीच्या जाड कापडात, गुंडाळून आत. वीज असली की आतच दिवा. घरभर वास सुटला. पाल हलायला लागली, तशी कित्येक दिवसांनी भाऊजींनी पोटभर जेवण केलं.

मग तिनं खाणं सोडलं. तोंड उघडं टाकून बसायची, नाकाशी बुडबुडे. भाऊजींना वाटलं, ऊब कमी पडतेय. त्यांनी आणखी एक वीट घातली. तरी फरक नाही, तेव्हा अर्चाची फांदी पेटवली, "अलास, अलास" म्हणत पेटीभोवती फिरवली, आजारी लेकराभोवती फिरवतात तशी, आणि धूर कोंडून राहावा म्हणून वर झाकण लावलं.

शेवटी मीच फोन लावला. अक्ताननं पाल जिच्याकडून घेतली होती, त्या बिश्केकच्या राइसाला, आणि भाऊजींच्या हातात दिला.

"पेटी कसल्या लाकडाची आहे, काका?" तिनं विचारलं.

"अर्चाची. घरातलंच, जुनं लाकूड. आत गरम वीट, वर घट्ट झाकण."

"आधी तिला बाहेर काढा. ते लाकूड तापलं की त्यातलं तेल हवेत सुटतं. तुम्हाला तो सुवास, तिच्या फुप्फुसाला ते विष. आणि वर झाकण! काका, काचच चांगली होती. तिला बाहेरून नमदा गुंडाळायचा, वरची जाळी मोकळी ठेवायची, गरम वीट बाहेरून एका टोकाला टेकवायची. खाली साधा कागद."

नमद्याला काय तोटा! घरात पायाखाली नमदा, भिंतीवर नमदा. आग लागो आमच्या शहाणपणाला.

भाऊजींनी सगळं तसंच केलं. काच पुसली, नमदा बांधला, वीट टेकवली. मग पालीला तळहातावर घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्या हातावरच गेली. मला किळस वाटली नाही. रडूच आलं.

भाऊजी रडले नाहीत. रिकाम्या पेटीची कड अंगठ्यानं चोळत होते.

"वहिनी, तान्हा असताना अक्तान या पाळण्यात सारखा खोकायचा. आठवतं का तुम्हाला?"

आठवत होतं. थंडीत सगळीच पोरं खोकतात, तसाच खोकायचा. पण ते त्यांना कसं पटवणार होते मी?

"छे," मी म्हटलं. "कधीच खोकला नाही तो."

त्यांनी मान हलवली. पण त्यानंतर कुणी बाळंतिणीची आई पाळणा सांगायला दारात आली, की भाऊजी आतूनच सांगायचे, लाकूड संपलंय.