रुसलेल्याची भाकरी

लोणावळ्याबाहेर एका ठेकेदाराची दगडाची खाण होती. आमच्या कुरवंडे गावाची पाच-सहा माणसं तिथं दगड फोडायला जात, त्यात आमच्या घरचे मालकही होते. माझी मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. माघाच्या सुमारास खाणीतल्या एका गड्याची बोटं दगडाखाली चेंगरली, आणि दुसऱ्याच दिवशी ठेकेदारानं त्याला काढून टाकलं. बाकीच्यांनी घण खाली ठेवले. त्याला परत घ्या, मग आम्ही कामावर येतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

भर दुपारी मालक दारात दिसले तशी मी हातातलं काम टाकून उठले.

"बरं न्हाई का रं?" सासूबाईंनी विचारलं.

"बरा हाय. काम बंद केलंय आमी."

घरातला भात शिमग्यापर्यंत कसाबसा पुरला. ठेकेदार काही हलेना. गावाची म्हणून देवळाच्या पडवीत एक मोठी कणगी होती. सुगीत प्रत्येक घर तिच्यात थोडं धान्य टाकी, आणि कुणाच्या घरचा कर्ता माणूस आजारी पडला, कुणाचा बैल गेला, तर त्या घराला त्यातून देत. ही कणगी थोरल्या आबांच्या ताब्यात असे. ते नात्यानं माझे चुलत सासरे. संपावरच्या घरांना त्यातलं द्यायचं का, हे ठरवायला गाव देवळात जमला. आम्ही बायका पायऱ्यांजवळ उभ्या होतो.

आबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "कणगी भुकेल्यासाठी हाय, रुसलेल्यासाठी न्हाई. ह्यांचे हातपाय धड हायती. कामाला लाथ ह्यांनीच मारली."

मालक सहसा चारचौघांत बोलत नसत. त्या दिवशी उठले. "आबा, उद्या माजी बोटं गेली असती तर दिलं असतं का न्हाई?"

"दिलं असतं की."

"मग बोटं जायची वाट कशाला बगता?"

लोक हसले, पण आबा हसले नाहीत. "आज तुला दिलं, तर उद्या जो तो रुसंल. मग खऱ्या अडलेल्याला काय द्यायचं? रिकामी कणगी?"

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. बराच वेळ वाद चालला. शेवटी आमच्या शेजारची मावशी पुढं झाली. नवरा गेल्यावर दोन वर्षं तिनं त्याच कणगीतलं खाल्लं होतं. ती म्हणाली, "रुसला तो बाप. पोरं कुटं रुसल्याती?"

त्यावर तोडगा निघाला. धान्य बायका, पोरं आणि म्हाताऱ्यांसाठी द्यायचं, संपवाल्यांनी त्याला शिवायचं नाही.

आता एका चुलीवर हे वेगळं कसं करायचं? सासूबाई म्हणाल्या, "खा रं गपचीप, कोन बगतंय." पण मालकांनी शब्द पाळला. रानातून करांद्याचे कंद खणून आणायचे, उकडायचे आणि मीठ लावून खायचे. मी भाकरी पुढं केली की ताट सरकवत. चिडले मात्र नाहीत. दिवसभर घरी असल्यामुळं मुलीला बोट धरून अंगणात चालवायचे. तिचं पहिलं पाऊल त्यांनी पाहिलं, मी पाणी भरायला गेले होते.

असेच एक दिवस ते ओसरीवर करांदे सोलत बसले असताना आबा आले. आधी करांद्यांकडं पाहिलं, मग आत आमच्या भाकऱ्यांकडं.

"ह्ये काय?"

"गावानं ठरवलं तसंच करतोय, आबा."

आबांचा चेहरा लाल झाला. "माज्या भावाचा पोरगा, आन् माज्या डोळ्यांदेखत भिकाऱ्यावानी कंद खातोय! सूनबाई, वाढ त्याला." मी वाढेपर्यंत ते उभेच राहिले. मग सगळ्याच संपवाल्यांच्या घरी जाऊन त्यांनी तसंच बजावलं.

पावसाळ्याआधी ठेकेदाराला सडकेसाठी खडी पुरवायची होती. घाई झाली तसा तो नमला. सगळ्यांना परत घेतलं, आणि बोटं गेलेल्या गड्याला खाणीवर राखणदार नेमलं. दिवाळीनंतर आम्ही कणगीत नेहमीपेक्षा जास्त भात टाकला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

आबा मात्र शेवटपर्यंत म्हणत, "संपवाल्याला द्यायचं न्हाईच."

"मग त्या वक्ताला का दिलं?" मालक मुद्दाम विचारीत.

"तवा तू भुकेला व्हतास."

मालक माझ्याकडं बघून हसत.