नूतनचा लाकडी गोठा

माझी धाकटी जाऊ नूतन, हिच्याबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. तरी खरं ते सांगते.

ती कामथडीची, हायवेकडची. लग्न होऊन आमच्या डोंगरातल्या, धो धो पावसाच्या पासलीत आली तेव्हा मी बायकांना सांगितलं होतं, ही बया आषाढ लागला की माहेर गाठणार. नाही गेली. वर्षभरात भात लावायला शिकली आणि तिसऱ्या वर्षी तिची ओळ माझ्या पुढे निघाली. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "नूतनचा हात बघा." माझा हात चोवीस वर्षं त्याच चिखलात होता, तो कुणी बघितला नाही.

दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वाऱ्यात आमचा सामायिक गोठा भुईसपाट झाला. दोघा भावांनी आपापला बांधायचं ठरवलं. लोखंडी की लाकडी, हे ज्याचं त्याने बघायचं. तो पावसाळा जनावरांनी पडवीत काढला. नूतन मात्र भर पावसात छत्री घेऊन गावातल्या एकेका गोठ्यात जाऊन उभी राहायची. मला वाटलं, चहाला हिंडते.

दिवाळीनंतर तिने लाकडी ठरवला. दिराने, रोहिदासने, परवानगी काढून बांधावरचं ऐनाचं झाड तोडलं. तिने स्वतः मेढींची, म्हणजे खांबांची, बुडं जाळावर काळी केली, डांबर फासलं, मगच पुरू दिल्या. वर कौलं.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हायवेची पोर आणि जुन्या चालीचा गोठा! तिच्या मेढी उभ्या राहायच्या आधीच मी लोखंडाचा हट्ट धरला.

"अगं, हितला पाऊस लई वाजतो पत्र्यावर," आमचे मालक म्हणाले.

"तिचा बी लाकडी आन् माझा बी लाकडी? मग मी थोरली कशाला झाले?"

त्यांनी पैसे काढून दिले. नसरापुराहून टेम्पोने अँगल आले, वेल्डर आला, निळा पत्रा चढला. एसटीतली माणसं वळून बघायची आणि मी काम नसताना अंगणात उभी राहायची. नूतन आली, सगळीकडे फिरली. "छान झालाय, अक्का. वाळवीची कटकट न्हाई." ती माझ्यावर जळली असती तर मला बरं वाटलं असतं.

आषाढात झड लागली. पत्र्यावर असा दणदणाट, की शेजारच्या माणसाचं बोलणं कळेना. माझी म्हैस भुरी कान ताठ करून थरथरायची, लाथा झाडायची, पान्हा सोडायची नाही. पेंड घातली, पारडू लावलं. पत्र्यावर पेंढा टाकला, तो वाऱ्याने नेला. चार लिटरची म्हैस अर्ध्या लिटरवर आली.

चौथ्या दिवशी सकाळी भुरी दावं तोडून सुटली ती थेट नूतनच्या गोठ्यात. मी बादली घेऊन मागे धावले. आत पाऊस लांबून ऐकू यावा तसा. नूतन धार काढत होती. तिच्या दोनच म्हशी, पण खुंटे तीन. तिसऱ्यापाशी भुरी निवांत रवंथ करत होती.

"हा खुंटा कुणाचा गं?"

"भुरीचा."

"कवा ठोकलास?"

"तुमी पत्रा ठरवलात तवाच. चार हात जागा वाढवून घेतली. पत्र्याखाली म्हशी कशा बिथरतात, बघितलं हुतं म्या."

"मग मला का न्हाई बोललीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंत का?"

मी भुरीखाली बसले. तिने पान्हा सोडला. बादली भरत गेली तसा मला रागच आला. ती टोमणा मारती तर मी कडाकडा भांडले असते. तिने नुसती वैरण पुढे सारली.

पाऊस असला की अजूनही रोज सकाळी मी बादली घेऊन तिच्या दारात जाते. ती "या, अक्का" म्हणते आणि माझा जळफळाट होतो. तिच्या जागी मी असते, तर दोनच खुंटे ठोकले असते. हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक असावं.