बंद करून राहिलो

अकोल्याच्या वीज वितरणाच्या मुख्य केंद्रात बसून पातूरकडच्या उपकेंद्रातला लाइन जोडणारा-तोडणारा ब्रेकर चालू आहे की बंद, हे पडद्यावर दिसावं, अशी नवी व्यवस्था तेव्हा बसत होती. लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद. मुख्य काम पुण्याच्या एका कंपनीचं, उपकेंद्रातल्या तारजोडणीचं कंत्राट माझं. मी अमरावतीला जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरत भरत इथवर आलेला माणूस. काही बिनसलं की बोट आधी माझ्याकडे वळायचं.

चाचणीच्या दिवशी शेतीची लाइन फक्त अर्धा तास बंद मिळणार होती. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते आणि आधीच लोडशेडिंगनं लोक पिसाळलेले. त्याच अर्ध्या तासात एका खांबावरचं फुटलेलं इन्सुलेटरही बदलायचं होतं. लाइनमन खांबाखाली मोबाइल घेऊन परवानगीची वाट पाहत होता.

अकोल्याच्या नियंत्रण कक्षात माझ्या शेजारी बसलेल्या पुण्याच्या इंजिनिअरनं उपकेंद्राचा फोन स्पीकरवर टाकला. "ब्रेकर बंद केला का?"

"बंद करून राहिलो, साहेब," ऑपरेटर म्हणाला.

पडदा लाल.

इंजिनिअर माझ्याकडे वळला. "उलट्या जोडल्यात तुमच्या माणसानं तारा."

"माणसानं नाही, मी जोडल्या. एक एक तपासून."

"मग हे काय दिसतंय?"

माझं डोकं तापलं. टर्मिनल नंबरासकट सगळी जोडणी मी त्याला ऐकवायला लागलो. त्याचं लक्ष घड्याळाकडे. त्यानं मोबाइल उचलला आणि लाइनमनला सांगितलं, "लाइन बंद आहे. चढा. फोन चालूच ठेवा."

मी म्हणालो, "पडदा लाल असताना चढायचं परमिट देता?"

"पडदा तुमचा खोटा आहे. तो माणूस स्वतः सांगतोय ना? बंद करून राहिलाय तो तिथं!"

'तिथं' म्हणाला आणि माझ्या लक्षात आलं. ऑपरेटर बंद करून नुसता उभा राहिलाय, असं ह्यानं ऐकलं होतं. आमच्याकडे करून राहिलो म्हणजे करतोय. अजून झालेलं नाही. आणि मी, जन्म वऱ्हाडात गेलेला, तारांवरून भांडत बसलो होतो.

मी त्याच्या हातातला मोबाइल हिसकावला. लाइनमनला आईवरून शिवी हासडली आणि ओरडलो, "उतर खाली! हात लावशील तर मरशील!"

पलीकडे नुसता वारा. मग धाप लागलेला आवाज आला, "उतरलो, भाऊ. काय झालं?"

मी स्पीकरकडे वळलो. "झालं का बंद?"

"न्हाई ना, भाऊ!" ऑपरेटर वैतागला होता. "हँडल अडकलं हाये. करूनच तं राहिलो! कावून घाई करून राहिले तुमी?"

दोनेक मिनिटांनी स्पीकरमधून खाडकन आवाज आला. पडदा हिरवा झाला. तारा बरोबर होत्या.

आठवड्यानं वीज वितरणाच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. चाचणीच्या अहवालात लिहिलं होतं, कंत्राटदारानं नियंत्रण कक्षात अर्वाच्य भाषा वापरली. "लेखी माफी द्या," साहेब म्हणाले.

"देतो. पण चालू लाइनवर परमिट दिलं होतं, तेही लिहा."

"ते लिहिलं तर चौकशी लागेल."

"मग लागू द्या."

तासभर आमची घासाघीस चालली. शेवटी सौदा ठरला. शिवीची माफी मी लिहून द्यायची. त्यांनी आदेश काढायचा, की ऑपरेटर "बंद झालं" म्हणेल आणि पडदा हिरवा होईल, दोन्ही झाल्याशिवाय परमिट नाही. आदेशाचा कागद हातात पडल्यावरच मी सही केली. आदेश का काढला, ते त्यात नाही. माझी माफी मात्र फाइलमध्ये आहे, आणि ती मला अजून टोचते.

पुढे एकदा उपकेंद्रात गेलो, तर लाइनमननं चहा सांगितला. मी विचारलं, "इतक्या लवकर कसा रे उतरलास?"

"तुमी नुसतं 'थांबा' म्हनले असते तं मी 'का हो' विचारलं असतं, वरच उभा राहून," तो म्हणाला. "तुमी शिवी देल्ली. म्हनलं, काहीतरी खरंच हाये."