हार्ड डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये होती

भूतखेत, भानामती, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. माझा धंदाच तसा आहे. रिसोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माहेर रिठदचं, लग्न होऊन इथे आले, आणि तेव्हापासून लोकांचे बंद पडलेले डबे उघडते आहे. "मॅडम, आपोआप बिघडला" म्हणणाऱ्याला मी तोंडावर सांगते — आपोआप काही होत नसते बाप्पा, कारण असतेच! तेव्हा हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसले असते.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, भाद्रपदातली. जैन मंडळींचं दशलक्षण पर्व सुरू होतं. बाजारातले कापड दुकानवाले काकाजी स्कूटीवर पायापाशी जुना सीपीयू ठेवून आले. सत्तरी ओलांडलेली, त्यात उपासानं गाल बसलेले.

"बाई, इंटरनेट उघडूनच नाही राह्यलं. पांढरं होते अन् मिटते."

लावून पाहिला. तारीख कित्येक वर्षं मागची दाखवत होता. आतला बटणासारखा सेल संपला की घड्याळ मागे जातं, आणि मग ब्राउझर प्रत्येक साईटला असुरक्षित म्हणून अडवतो. सेल बदलला, तारीख नीट केली. तरी तेच — पांढरं होऊन बंद! विंडोज इतकं जुनं की नवा ब्राउझर चढेना, आणि हार्ड डिस्कही कुरकुरत होती.

"काकाजी, या डब्याले आता गणपतीसंग विसर्जनाले धाडा," मी म्हटलं. "तुमाले एक मेलच पाठवायचा आहे ना? माझ्या कॉम्प्युटरवरून पाठवा."

"पासवर्ड मले मालूम नाही वं. सुमितनं टाकून ठेवलता. उघडलं का उघडते."

सुमित त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्याला असतो. सात वर्षांपूर्वी त्यानं जातीबाहेर लग्न केलं आणि बायकोला घेऊन घरी आला, तेव्हा काकाजींनी दोघांना उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं होतं. साऱ्या बाजाराला माहीत होतं. त्यानंतर त्यानं नंबर बदलला. काकाजींकडे उरला होता तो त्याचा मेलचा पत्ता, तोही त्याच कॉम्प्युटरमध्ये.

पर्व संपलं की त्यांच्यात क्षमावाणी असते. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं. काकाजी दरवर्षी अख्ख्या बाजारात फिरायचे, माझ्याही दुकानात यायचे. त्या दिवशी म्हणाले, "नोकराले हात जोडतो, हमालाले जोडतो... पोरालेच तेवढे राह्यले. औंदा जोडायचे आहेत. क्षमावाणीच्या दिवशी मेल गेला पाह्यजे बाई."

"जाईल ना. परवा या तुमी."

काम अर्ध्या दिवसाचं होतं. डिस्क काढायची, कॉपी करायची, सेव्ह केलेल्या पासवर्डसकट त्यांचा ब्राउझर दुसऱ्या मशीनवर उठवायचा. डिस्क काढली, पिशवीत घातली, काकाजींचं नाव लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली. आणि तेवढ्यात शेतकऱ्यांच्या ऑनलाईन अर्जांची गर्दी उसळली, तेही मीच भरून देते. काकाजी आले, मी म्हटलं उद्या. परत आले, उद्या. आमच्या धंद्यात हा उद्या फार वाईट. समोरचा गरीब स्वभावाचा असला की त्याचंच काम मागे पडतं. भांडणाऱ्याचं आधी होतं.

चौथ्या खेपेला ते आले तेव्हा दुकानात पंधरा माणसं उभी होती, सर्व्हर डाऊन, माझं डोकं फिरलेलं. ते काउंटरला धरून उभे राहिले. "झालं का बाई?"

मी ओरडले. "काकाजी, सात वर्षं नाही आठवला पोरगा, अन् आता चार दिवस दम नाही निघून राह्यला का तुमाले?"

 काकाजी नुसते "बरं" म्हणाले आणि गेले. स्कूटी चालू व्हायला वेळ लागला, तो आवाज मी ऐकत होते. उठले नाही.

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. पहाटे काकाजी झोपेतच गेले.

सुमितला काकींनी फोन केला. त्याचा नंबर त्यांच्याकडे पहिल्यापासून होता, लपवून ठेवलेला! एका घरात राहून नवऱ्यानं विचारलं नाही, बायकोनं सांगितलं नाही. जैनांत देह फार वेळ ठेवत नाहीत. सुमित पुण्याहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी अंत्ययात्रेला बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गेले, घरापर्यंत जायची हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी क्षमावाणी. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास सुमित माझ्या दुकानात शिरला. डोळे लाल, हातात फोन.

"बाबांचा कॉम्प्युटर तुमच्याकडे आहे ना? हे कोणी केलं? असली मस्करी करतात का?"

त्यानं फोन समोर धरला. काकाजींच्या पत्त्यावरून आलेला मेल. वेळ त्याच दिवशीची, सकाळी अकराची. मला आधी रागच आला. मी त्याला आत नेलं. सीपीयू उघडा पडला होता, वर धूळ. ड्रॉवर उघडून पिशवी दाखवली. डिस्कशिवाय कॉम्प्युटर म्हणजे रिकामा डबा, आणि पासवर्ड त्या डिस्कवर. सुमितला पासवर्ड आठवत होता, त्यानंच तर तो ठेवला होता. त्यानं माझ्या मशीनवर काकाजींचं खातं उघडलं. पाठवलेल्या मेलमध्ये तो मेल नव्हता. ड्राफ्ट नाही, आधी लिहून वेळ लावून ठेवलेलं काही नाही, दुसरीकडून कुणी खातं उघडल्याची नोंद नाही. मी तीनदा तपासलं.

"आधी कधीतरी लिहिला असेल त्यांनी, अडकून राहिला असेल," मी म्हटलं. मलाच ते पटवून घ्यायचं होतं.

"वाचा ना तुम्ही," तो म्हणाला.

वाचला. चार-सहाच ओळी होत्या.

"बेटा सुमित, उत्तम क्षमा. तुले अन् सूनबाईले दारातून परत धाडलं ते माझं चुकलं. तुही आई रडत होती तरी मी दार लावलं. कॉम्प्युटरवाल्या बाईले बोलू नको. ती खरं बोलली पण मले राग आला, मनात तिले वाईटसाईट बोललो. तिलेही माह्याकडून उत्तम क्षमा सांगजो."

ते माझ्यावर रागावले ते शेवटच्या दिवशी. त्याच्या चार दिवस आधीपासून डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये होती. स्मार्टफोन त्यांनी कधी वापरला नाही. आणि त्या दुपारी मी काय बोलले ते सुमितला तोवर कुणीही सांगितलं नव्हतं.

"तुम्ही काय म्हणाला होतात त्यांना?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. शब्दाला शब्द. तो मला मारेल असं वाटलं... मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं फोन खिशात घातला. मग हात जोडले आणि म्हणाला, "बाबांकडून उत्तम क्षमा."

उलट हात जोडून तेच म्हणायचं असतं. इतकी वर्षं बाजारात राहून मला ते माहीत आहे. पण मला रडू फुटलं, आणि ते म्हणायच्या आत तो निघून गेला.

नंतर ती डिस्क मी माझ्या ओळखीच्या दोन जाणकारांना दाखवली, मेलही दाखवला. एकानं सर्व्हरची गडबड म्हटलं, दुसरा म्हणाला पोरानंच केलं असेल. मी वाद घातला नाही. कारण असतेच, हे मी आजही मानते, फक्त या एका गोष्टीत मला ते सापडलेलं नाही.

सुमित आता सुट्टीत बायको-मुलीला घेऊन येतो. काकी नातीचा हात धरून माझ्या दुकानावरून जातात, हसून विचारतात, "काय वं, चाललं का बरं?" मी मान हलवते. त्यांच्या नवऱ्यानं चार खेपा घातल्या आणि मी त्यांना काय बोलले, हे सुमितनं त्यांना सांगितलेलं नाही. मीही नाही. दोन क्षमावाण्या झाल्या, दोन्ही वेळा त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. काकाजींचं काम अर्ध्या दिवसाचं होतं हो... अर्ध्याच दिवसाचं.