मोस्ट हार्डली

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते तेर गावच्या शाळेतल्या आमच्या इंग्रजीच्या बाईंचे. बाई मूळच्या कर्नाटकच्या सीमेजवळच्या मुरुमच्या. घरी कन्नड, शाळेत मराठी, त्यामुळे परकी भाषा जिभेवर कशी अडते ते त्यांना ठाऊक होतं. क्रियाविशेषणांची तुलना शिकवताना त्या म्हणायच्या, "लहान शब्दाला मोर पेलत नाही, त्याच्या मागं नुसता 'अर' लावा. फास्ट, फास्टर. 'ली'वाला लांब शब्द आला की मोर पुढं चालतो. मोर स्लोली, मोस्ट स्लोली."

मोर मला एवढा आवडला की मी लगेच 'मोर फास्टर' म्हणून मोकळा झालो. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ह्याच्या रानात मोर लई झालेत."

बाई म्हणाल्या, "एका शब्दाला एकच. मोर तरी घ्या, न्हाय तर अर."

नियम मी मनात पक्का धरला. आमच्या घरात बी.ए. होणारा मी पहिलाच. त्या नियमाशिवाय धरून बसण्यासारखं माझ्याकडं दुसरं काही नव्हतंही.

पुढं धाराशिवच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. ती जागा मिळाली नसती तर मी परत चुलत्याच्या खताच्या दुकानात बसणार होतो, आणि तिथं सगळे मला 'इंग्लिश मास्तर' म्हणून चिडवणार होते. मुख्याध्यापिकांनी इंग्रजीत विचारलं, तुम्हालाच का घ्यावं? मी मनात हिशेब मांडला. मराठीत मेहनत, मेहनतीने. क्रियाविशेषणाला शेपूट लागतं. म्हणजे हार्डचं हार्डली. शब्द 'ली'वाला, तेव्हा पुढं मोस्ट. मी ठणठणीत आवाजात सांगितलं, "बिकॉज आय वर्क मोस्ट हार्डली."

शेजारी बसलेले संस्थेचे वयस्कर गृहस्थ म्हणाले, "मग पगार तरी कशाला घेता?"

मला वाटलं, माझ्या सेवाभावाचं कौतुक चाललंय. मी नम्रपणे हसलो. मुख्याध्यापिकांनी मात्र पेन खाली ठेवलं. "थोड्या वेळानं सहावीच्या वर्गावर जा आणि हार्ड आणि हार्डली यातला फरक शिकवून दाखवा," त्या मराठीतच म्हणाल्या.

बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून मी बाईंना फोन लावला. त्या आता निवृत्त होऊन मुरुमला असतात.

"बाई, घात झाला. हार्डली म्हणजे काय?"

"जेमतेम. नसल्यासारखंच. का रे?"

"मी मोस्ट हार्डली काम करतो म्हणालो. तिथले एक म्हातारे म्हणाले, मग पगार तरी कशाला घेता?"

बाई पलीकडं खोकल्यासारखं हसल्या. "खरं बोललास की. अरे, हार्डला शेपूट लागत न्हाय. हार्ड, हार्डर, हार्डेस्ट. फास्टसारखंच."

"आता वर्गात काय सांगू?"

"हेच सांग. आत काय बोललास आणि म्हातारा काय म्हणाला, सगळं. पोरं हसतील. हसलेली पोरं ऐकतात."

तसंच केलं. मागं उभ्या असलेल्या त्या गृहस्थांसमोर त्यांचंच वाक्य सांगताना मी फळ्याकडंच बघत होतो, पण वर्ग खळखळून हसला. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, म्हणजे तुम्ही सगळ्यात कमी काम करता?" मी म्हणालो, "त्या वाक्याप्रमाणं, व्हय." पुढं पोरांनीच वाक्य दुरुस्त करून दिलं.

निकाल कळला तसा बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "फोनवर नको. कागदावर लिही, मला चुका काढता येतील." म्हणून हे पत्र पाठवलं:

"बाईंना नमस्कार. इंग्रजीत लिहायला बसलो होतो, पण तीन ओळींतच तुमचं लाल पेन दिसायला लागलं, म्हणून मराठीत लिहितो. मला घेतलं आहे. सध्या एका वर्षासाठी, सहावी आणि सातवीला. आई शेजारीपाजारी सांगत फिरते आहे. तुम्ही फोन उचलला नसता तर मी टाकीजवळूनच एसटी स्टँड गाठणार होतो. एक अडचण आहे. आज पोरांनी विचारलं, वेलचं वेलर का होत नाही, बेटर का होतं? मी ऐटीत म्हणालो, उद्या सांगतो. हे पत्र काही उद्यापर्यंत पोचत नाही. सकाळी फोन करीन, तेवढा उचला."