टॅपेट कव्हरवरची पावडर

सासऱ्यांची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार आमच्या अंगणात आली, तेव्हापासून ती तेल गाळत होती आणि मी तिच्याखाली आडवा असायचो. इंजिनच्या तळाच्या चेंबरचं पॅकिंग मी दोनदा बदललं, फरशीवरचा डाग तेवढाच. शेवटी बायकोने जाहीर केलं, "विकून टाकू. रविवारी गिऱ्हाईक येतंय. बाबांच्या गाडीचे हे हाल मला नाही बघवत."

शनिवारी मी एका म्हाताऱ्या मेकॅनिकला घरी आणलं. आखातात बोटींची इंजिनं सांभाळून परतलेला माणूस. सगळे चाचा म्हणत, म्हणून मीही. नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या नव्याकोऱ्या पान्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. अर्धा तास नुसतं इंजिन पुसलं, तान्ह्या पोराचे कान पुसावेत तसं. मग बायकोकडे वळला.

"वहिनी, तोंडाची पावडर हाय काय?"

इंजिनभर पावडर भुरभुरून त्याने गाडी भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत नेऊन आणली आणि बॉनेट उघडलं. पार वर, इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला पावडर काळी पडली होती. तिथूनच ओघळ खाली निघाला होता.

"भाऊ, तेल पडतं तिथे तुम्ही झोपलात," चाचा हसला. "निघतं कुठून, ते उभं राहून बघायचं."

इतक्या महिन्यांत मी ते केलंच नव्हतं. त्याने कात्रीने कॉर्कचं पॅकिंग कापून बसवलं.

रविवारी अंगण कोरडं होतं. गिऱ्हाइकाचा फोन बायकोनेच घेतला. "आज नका येऊ, आम्ही गाडी घेऊन बाहेर निघालोय," म्हणाली, आणि माझ्या आधी स्टिअरिंगवर जाऊन बसली.